हयात अण्णांना वाहिलेल्या श्रद्धांजलीबद्दल

बेळगाव, गुरुवार

तीर्थरूप हरिभाऊ अण्णांस, धाकटा चुलतभाऊ सुहास याचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल. (हे वाक्य दोनदा खोडलं, पण गाळलं असतं तर अधिकच वाईट दिसलं असतं.) जयावहिनींना नमस्कार, चि. चिन्मयीला आशीर्वाद. तुम्ही माझा फोन उचलत नाही, ते योग्यच आहे. म्हणून हे पत्र मष्णूबरोबर बेळगुंदीला पाठवतोय.

अण्णा, मी अजून सुन्न आहे. समाजाच्या वेबसाइटचं, त्यातल्या निधनवार्तांच्या पानासकट, काम मी हौसेनं अंगावर घेतलं. (हौस की मिरवायची इच्छा? डायरीत दोन्ही लिहिलंय.) परशराम मास्तर वारल्याचं तुम्ही कळवलंत, मी नोंदवलं, आणि घरोघरच्या मोबाइलवर तुमचा फेट्यातला फोटो हारासकट गेला. खाली वय सत्त्याऐंशी. लगेच वहिनींचा फोन : “भावजी, ह्येनी हितं माझ्यासमोर चहा पीत बसल्यात आणि दारात बाया रडत आल्यात! काय सांगू त्यास्नी? आणि सत्त्याऐंशी वय कुणाचं लावलं हो? मग मी काय ऐंशीची?”

झालं असं. पीएचपीत, म्हणजे वेबसाइट ज्या संगणकी भाषेत लिहिली तिच्यात, माहितीची ओळ मागवताना मी ती खान्यांच्या नावानं मागवतो : ‘नाव’ म्हटलं की नाव, ‘फोटो’ म्हटलं की फोटो. पण ही ओळ दोन तक्त्यांतून जोडून येते, एक वारलेल्यांचा, दुसरा कळवणाऱ्या सभासदांचा, आणि ‘नाव’ व ‘फोटो’ हे खाने दोन्हीकडे आहेत. एकाच नावाचे दोन खाने आले की मागून आलेला पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसतो. कुठं चूक दाखवत नाही, हूं की चूं नाही! मास्तर गेले, तुम्ही बसलात. वय सभासदांच्या तक्त्यात नाही, म्हणून तेवढं मास्तरांचं उरलं. खान्यांच्या क्रमांकानं मागवलं असतं तर दोघंही सुखरूप आले असते.

पण खरा हादरा निपाणीचा. चिन्मयीचे होणारे सासरे ज्योतिबामामा फोनवर हुंदके देत म्हणाले, “लई देवमाणूस गेला. आता सुतकात रविवारी साखरपुडा कसला? पुढचं पुढं बघू.” मी ओरडलो, अण्णा जिवंत आहेत! तर म्हणाले, “व्हय व्हय, धक्का बसलाय तुम्हास्नी. न्हाय का?” धक्का बसला होताच, नाकारणं खोटं झालं असतं, म्हणून मी “हो” म्हणालो. तिथंच चुकलं.

आपला अपराधी,
सुहास

ता. क. खान्यांना आता वेगवेगळी नावं दिली आहेत. मास्तरांचं मास्तरांना मिळालं.

ता. क. दुसरा. एक गोष्ट वर लिहवली नाही. कारण सापडायच्या आधीच, घाईघाईत, मी त्याच निधनवार्तांच्या पानावर दिलगिरी टाकली. कळवणारा अर्थात मीच. दुपारपासून आमच्या दारात चपलांचा ढीग आहे, आणि निपाणीला पुन्हा फोन केला तर ज्योतिबामामांनी माझा आवाज ओळखून किंचाळत फोन ठेवला. तेव्हा अण्णा, उद्याच निपाणीला जा. फोन नको, समोर उभे राहा. आणि नुसतं स्वतःचं सांगून परत येऊ नका. मी भावकीतला, माझंही सुतक पडतं. सुहासही आहे, एवढं सांगा.