मॅडमनं पाठवलं नव्हतं

माय, गेल्या आठवड्यात नातीनं मोबाईल माझ्यासमोर ठेवला अन् म्हणाली, "आजी, तू कुवेतहून कशी आली ते सांग न. कॉलेजात लिहून द्याचं आहे." इतकी वर्षं सांगत आले तेच तोंडावर आलं, की लढाई लागली म्हणून मॅडमनं परत पाठवलं. ते तूच शिकवलेलं होतं. या वेळी मात्र मी थांबले.

तुला मी तिथलं पूर्ण कधी सांगितलंच नाही. नवरा गेला, लेकराला तुझ्याजवळ ठेवून मी घरकामाला गेले, अन् पहिल्याच दिवशी मॅडमनं पासपोर्ट कपाटात घातला. दोन वर्षं फाटकाबाहेर पाय ठेवला नाही. स्वयंपाकघरातच झोपायचे. काही सांडलं की मॅडम चप्पल काढायची. तुला पत्रात 'बरी आहे' लिहायचे, कारण पत्र आधी तीच कुणाकडून तरी वाचून घ्यायची. उन्हाळ्यात ती माणसं परदेशी गेली, तेव्हा मला अन् श्रीलंकेच्या एका बाईला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. मी तिला अक्का म्हणायचे. आदल्या वर्षीही तसंच केलं होतं, म्हणून आम्हाला त्यात नवल वाटलं नाही.

मग एका सकाळी फाटकासमोरून रणगाडे गेले. फोन बंद पडला. आठ-नऊ दिवसांत तांदूळ संपला, टाकीतलं पाणी तळाला गेलं. मी म्हटलं, खिडकीची जाळी काढू. अक्का म्हणे, "मॅडम मारेगी." बाहेर बंदुका होत्या अन् आम्ही दोघी मॅडमला भीत होतो. सुरीच्या टोकानं स्क्रू काढायला दोन दिवस लागले. निघायच्या आधी अक्कानं सगळी भांडी घासून पुसून ठेवली, अन् मी तिला ती ठेवू दिली.

चौकात शिपाई उभे होते. त्यांनी पाहिलं अन् जाऊ दिलं. शेजारच्या बंगल्यातला केरळचा ड्रायव्हर आम्हाला एका शाळेत घेऊन गेला, तिथं आपली माणसं जमली होती. अक्का तिच्या लोकांत गेली, पुन्हा भेटली नाही. पुढं बसनं वाळवंट, सरहद्दीपलीकडचे तंबू, मग विमानानं मुंबई.

मी घरी पोचले तेव्हा तू लकडगंजातल्या गोदामात मजुरीनं मिरच्यांचे देठ खुडून आली होतीस. हात झोंबत होते म्हणून माझ्या तोंडाला हात लावला नाहीस. "कशी आली वं?"

"पळून आली, माय."

तू उठून दार लावलंस. "असं म्हणू नोको. नवरा मेलेली बाई पळून आली म्हटलं का लोक दुसरंच समजतीन. मॅडमनं पाठवलं म्हणजो."

म्हटलं मी. पुढं वस्तीतल्या बायांना तूच सांगायचीस, "भली होती वं मॅडम." मी बाजूला बसून ऐकायचे. माझ्या मनात तुझा राग खूप वर्षं राहिला. मुलगा शिकला, कुणी बोट दाखवलं नाही, तेव्हा कमी झाला.

नातीला आता खरं सांगितलं. "काहून लपवलं इतके दिवस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तेव्हा तसंच होतं. तुझं नाव नाही घेतलं.

एक गोष्ट तिलाही नाही सांगितली, अन् तू असतीस तर तुलाही हे पत्र दिलं नसतं. त्या तंबूत मी बारा दिवस होते. रांगेत उभं राहिलं की आयता डबा मिळायचा. कुणी हाक मारत नव्हतं, मी भर दुपारी झोपायचे. इकडं तू रडत होतीस, पोरगं तापानं पडलं होतं, अन् मला तुमची आठवण फारशी येत नव्हती. विमानाच्या यादीतलं माझं नाव पुकारलं, तेव्हा मी लगेच उठले नाही.