शेवटच्या ओळीपासून वर

९ जून

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र लाल पेन्सिलीने रंगून परत आलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्यापुढे भाचीची काय कथा! एरवी मी हसले असते. पण मामा, त्या पत्रात मी लिहिलं होतं की आई मला विसरली. तुमच्या सख्ख्या बहिणीने मला विचारलं, की बाई, तुम्ही कोणाकडे आलात. त्यावर तुमचा शेरा काय, तर वाक्य लांबलंय, दोन करावीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ती तुम्हालाही विसरायच्या आत येऊन भेटा, एवढंच मागितलं होतं. येणार की नाही, तेवढं कळवा.

राग आहे, पण लोभही आहेच.
तुमची ठमी

१३ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झापलंस ते बरं केलंस. आम्ही मुद्रित शेवटच्या ओळीपासून वर वाचत जातो. अर्थ लागला की डोळा वाहवतो आणि चुका निसटतात. तुझं पत्रही मी तसंच वाचलं, आणि मुद्दाम. पहिल्याच ओळीत तिचं कळलं आणि पुढे धीर झाला नाही. खालून वर गेलं की नुसते शब्द उरतात.

रागाचं पत्र मात्र सरळ वाचलं, दोनदा. लिहितेस छान, एक शब्द जास्तीचा नाही. मला भीती वाटते गं. माझं लहानपण पाहिलेलं आता तिच्याशिवाय कोणी नाही. तरी रविवारी येतो.

अशीच हक्काने रागवत जा.
मामा

सोमवार, २० जून

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नीट पोचलात ना? चष्मा गाडीत राहिला नाही म्हणजे मिळवली!

आईने तुम्हाला ओळखलं नाही. तुम्ही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीत, पण मला कळलं. तिने शाळेच्या वसतिगृहातून तुम्हाला लिहिलेली पत्रं तुम्ही जपून ठेवली आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. खुर्ची ओढून तुम्ही ती तिला वाचून दाखवलीत. लिहिणारी पोर आपणच, हे तिला उमगलं नाही. पण किती दिवसांनी पोटभर हसली.

आज सकाळपासून ती दाराशी बसून आहे. चहाही तिथेच घेतला. कालचे ते गृहस्थ पुन्हा कधी येणार, आणि त्या पोरीचं पुढे काय झालं, हे सारखं विचारते आहे. मी येता रविवार सांगून बसले आहे.

दोघींवर लोभ असू द्यावा.
ठमी