मिनिटाला सोळा

३ मार्च

नाही. पुन्हा नाही! दोन ओळींचं पत्र — यंदा अर्ज फार होते म्हणे. गेल्या वर्षीही फारच होते. वीस वर्षं शाळेत बँड शिकवला, आता शाळेनं बँडच बंद केला. त्रेचाळिसाव्या वर्षी जायचं कुठे? आधीची पदवी कुठलीही असो, दोन वर्षांत थेट नर्सिंगची मास्टर्स करवून घेणारा आमच्या डुलुथ शहरात हा एकच कोर्स. कर्ट म्हणाला, लायब्ररीत जागा आहे, तिथे का नाही जात? नवरा असून त्याला एवढं कळत नाही! ताटावरून उठले.

४ मार्च

रसायनशास्त्राचे मार्क नडले. परत तो विषय घेते. एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून. बसेन.

११ डिसेंबर

रसायनात ए! तिसरा अर्ज टाकला. निबंधात या वेळी आईचं आजारपण घातलं नाही. दोन वर्षं तेच लिहिलं, बहुतेक सगळेच तेच लिहीत असणार. या वेळी खरं ते लिहिलं — चाळीस पोरं एकदम वाजवत असताना कोण ताल चुकतंय ते मला पाठमोरी असतानाही कळतं. मला लक्ष देता येतं, दुसरं काही येत नाही. आता नाही म्हणाले तर संपलं. चौथ्यांदा तोंड दाखवणार नाही.

२० मार्च

मिळाली! जागा मिळाली! गाडीत बसून ढसाढसा रडले. कर्ट बंदरावरून कामाच्या कपड्यांतच आला, हातात ब्लूबेरी पायचं खोकं. 

९ जून

पहिल्याच दिवशी कागदावर सही घेतली. पेशंटच्या नोंदीत एक जरी खोटी गोष्ट लिहिली तर कोर्समधून बाहेर, दुसरी संधी नाही. आमच्या शिक्षिका ऑस्टबी बाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मनात म्हटलं, खोटं कशाला कोण लिहील!

२९ सप्टेंबर

हॉस्पिटलमधला पहिला दिवस. पाय सुजले. ज्या नर्सच्या हाताखाली मला दिलंय ती रेने कुबियाक, बावीस वर्षं याच वॉर्डात. मी तिसऱ्या खेपेला आत आलेय हे तिला का सांगितलं कोण जाणे. ती हसली. तीही लायसनच्या परीक्षेत एकदा आपटली होती म्हणे, कुणाला सांगू नकोस म्हणाली.

श्वास कसे मोजायचे ते तिनं दाखवलं. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, पेशंटला वाटू द्यायचं की अजून नाडीच चाललीय, आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजायचं. आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. किती साधी युक्ती! दिवसभर खूश होते.

६ ऑक्टोबर

एक गंमत दिसली. आख्खा वॉर्ड मिनिटाला सोळा श्वास घेतो! नव्वदीची आजी सोळा, दमेकरी सोळा, न्यूमोनियावाला सोळा. रेनेला विचारलं. तिचं तोंड वाकडं झालं. म्हणाली, "कुणाला मिनिट आहे इथं? सोळा लिहिलं की कुणी विचारत नाही. तू मात्र मोज. सोळाची सवय एकदा लागली की सुटत नाही."

२० ऑक्टोबर

काय करून बसले मी!

सगळं जसंच्या तसं लिहिते. दोन पेशंट होते. पहिलीनं सकाळी सकाळी ओकारी केली, चादरी बदलण्यात अर्धा तास गेला. आठ वाजता ऑस्टबी बाईंपुढे औषधांची तोंडी परीक्षा. दुसरे मिस्टर सुंडीन, खुब्याचं ऑपरेशन झालेले, शांत झोपले होते. नाडी घेतली, बीपी घेतलं. श्वास राहिले. आठला चार मिनिटं कमी. सोळा लिहिलं.

मनगट हातात होतं! छाती समोर होती! आयुष्यभर पोरांना मोजायला शिकवलं, आणि मला एक मिनिट मोजता आलं नाही.

बारापेक्षा कमी श्वास असतील तर मॉर्फिन द्यायचं नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. ते जागे होऊन दुखतंय म्हणाले, रेनेनं माझा आकडा पाहिला आणि मॉर्फिन दिलं. पाऊण तासानं त्यांचे ओठ निळे. रेने धावली, उतारा दिला, सगळे जमले. वाचले. आयसीयूत आहेत. मी भिंतीला टेकून उभी होते, कुणीतरी मला पाणी दिलं.

२१ ऑक्टोबर

सुंडीन शुद्धीवर आले, कॉफी मागितली. देवा!

पण चौकशी लागली. डोसच्या आधी श्वास सोळा, म्हणजे पेशंट ठीक होता. ठीक होता, तर मॉर्फिनच जास्त गेलं असणार. रेनेला घरी बसवलं. तिच्याविरुद्ध पुरावा काय, तर माझं सोळा!

मला कुणी काही विचारलंच नाही. उलट ऑस्टबी बाई म्हणाल्या, घाबरून जाऊ नकोस.

२२ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर

ऑस्टबी बाईंच्या दारापर्यंत गेले. दार उघडं होतं, त्या एकट्याच होत्या. आत जाऊन पुढच्या परीक्षेचे धडे विचारून आले! किती नीच असावं माणसानं?

कर्टला सांगितलं. तो भांडी विसळत होता, त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, "तो माणूस जिवंत आहे ना? मग गप्प बस. तीन वर्षं तुझी काय दशा झाली ते मी पाहिलंय." मला नेमकं तेच ऐकायचं होतं, आणि त्यानं ते म्हटल्यावर त्याच्याकडे बघवेना.

२५ ऑक्टोबर

रेनेला फोन केला. अंगणातली पानं गोळा करतेय म्हणाली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच ऑक्टोबरात सुट्टी. मी पानांबद्दलच विचारत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "अगं, तू नीट अभ्यास कर. बाकीचं माझ्यावर सोड." फोन ठेवला आणि खरंच पुस्तक उघडून बसले.

२६ ऑक्टोबर

जेवण नाही. झोप नाही. वर्गात हसले. मला हसता येतं!

२८ ऑक्टोबर

कळलं की रेनेचा निकाल शुक्रवारी आहे. तिच्या जागी कुणाला घ्यायचं यावर वॉर्डात आत्ताच बोलणी सुरू आहेत. ती गेली आणि मी नर्स झाले तर पुढची वीस वर्षं कुणाचंही मनगट धरू शकणार नाही. उद्या सांगते. गेली जागा तर जाऊ दे. लायब्ररी तर लायब्ररी. कर्टला विचारत नाही.

खरं तर भीती वाटतेय. माझी जागा! तीन वर्षांनी मिळालेली!

२९ ऑक्टोबर

सांगितलं. सगळं.

ऑस्टबी बाई रागावल्या नाहीत. फाइल उघडून रेनेचा जबाब माझ्यापुढे ठेवला. "विद्यार्थिनीनं माझ्यासमोर घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले. सोळाच होते. पुढची चूक माझी एकटीची." खाली सही.

रेने तेव्हा खोलीत नव्हतीच!

बाई म्हणाल्या, "औषध चुकलं तर महिनाभर घरी बसवतात. खोट्या जबाबाला लायसन जातं. तू सांगितलंस, आता मला हे वर कळवावंच लागेल."

मी म्हटलं, मग मी खोटं बोलले असं लिहा.

"कधी?" त्यांनी विचारलं. "तेव्हा, सोळा लिहिताना? का आत्ता, हे मला सांगताना?"