आधी तू जेव, माय

प्रिय माय,

तू गेल्यापासून तुला काहीतरी विचारायचं राहिलंय, असं सारखं वाटत होतं. काय ते काल कळलं. मी भाकरी करत होते, तुझी नात ताटावर बसली होती. तिनं विचारलं, "आई, तुझं झालं का?" मी सहज म्हणाले, "झालं." घास खाल्ला नव्हता अजून. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, भाकरीच्या टोपल्याकडं पाहिलं. मीही लहानपणी तुझ्या टोपल्यात असंच डोकावायचे, माहीत होतं का तुला?

गंमत बघ, न जेवणाऱ्या मुलींना आता दवाखान्यात माझ्याकडं पाठवतात. दिवसभर मी त्यांच्याशी, त्यांच्या आयांशी बोलते. आणि घरी आले की माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघतं! कुठं दडून बसलं होतं ते इतकी वर्षं?

दुष्काळात तू ईट गावाजवळच्या तलावाच्या कामावर माती वाहायचीस. संध्याकाळी रेशनवरच्या परदेशी लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. आधी अण्णा, मग मी, आणि तू म्हणायचीस, "माझं कामावरच झालं." मला ते खरं वाटायचं. कामावर मजुरांना खायला सरकारी सुकडी मिळते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

एकदा मी तुला शोधत भरावावर आले, तर तू तुझ्या वाट्याची सुकडी पदराच्या टोकाला बांधत होतीस. तीच संध्याकाळी माझ्या हातावर यायची! तू मला पाहिलं नाहीस ना तेव्हा? की पाहूनही गप्प राहिलीस? त्या दिवसापासून मीही म्हणायला लागले, "माझं झालं, माय."

पुढं पाऊसपाणी बरं झालं. अण्णा गावच्या दूध संस्थेत लागले. घरात ज्वारी आली, सणाला खवासुद्धा. पण माझं ते वाक्य काही सुटेना. मॅट्रिकच्या वर्षी तर घासच उतरेना. केस गळले, पाळी थांबली, आडावरून घागर आणताना मी चक्कर येऊन पडले. ही पोरगी हातची जाते की काय, असं तू अण्णांना म्हणालीस ते मी ऐकलं होतं.

शेजारच्या काकूनं सुचवलं, येडाई देवीचं काहीतरी राहिलं असेल, येरमाळ्याला तिच्या देवळात नेऊन आणा. अण्णा बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले, ते ऐकून उठूनच गेले. तू मात्र तिथंच बसून राहिलीस. मनातून जायचं होतं का गं तुला? माझ्यासाठी तू तेही केलं असतंस, असं मला अजून वाटतं.

शेवटी बार्शीवरून एसटीनं आपण सोलापूर गाठलं. मनाच्या आजारांच्या त्या डॉक्टरबाई मोठ्या शहरातून आलेल्या. त्यांनी मला पहिलं विचारलं, तुला जाड व्हायची भीती वाटते का? तू चक्क हसलीस. "बाई, जाड व्हायला काय खावं लागतं, ते तरी सांगा आमाला." मग त्यांनी विचारलं, देवीचा उपास धरलाय का? तेव्हा मात्र तुझा चेहरा बदलला. आम्ही बौद्ध आहोत, आमच्या घरात उपास बंद होऊन लई वर्षं झाली, असं तू ठणकावून सांगितलंस.

बाई ओशाळल्या. मला तुमच्या घरचं काहीच माहीत नाही, तुम्हीच सांगा, असं म्हणाल्या आणि चहा-बिस्किटं मागवली. तू तुझं बिस्किट माझ्या बशीत ठेवलंस. मी ते तुझ्या बशीत ठेवलं. तू परत माझ्या. चहावर साय धरली तरी ते बिस्किट आपलं इकडून तिकडं फिरतंच होतं! बाई ते बघत राहिल्या.

मग त्यांनी तुलाच विचारलं, "तुम्ही कधी जेवता?"

"समद्यांचं झाल्यावर."

"मग तुम्ही जेवलात, हे हिला कसं कळतं?"

आजार माझा आणि पथ्य मिळालं तुला! रोज सगळ्यांच्या आधी, माझ्यासमोर बसून तू जेवायचं. बाहेर येऊन तू केवढी चिडलीस. लेकरू उपाशी ठेवून आईनं गिळायचं, ही कसली डॉक्टरी? चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहील का?

आणि त्याच संध्याकाळी तू बसलीस. मी भिंतीला टेकून बघत होते. अण्णा हात धुऊन आले, तर त्यांच्या जागेवर तू! तू उठायला लागलीस तसे ते म्हणाले, "बस. म्या थांबतो." तू भाकरी मोडलीस. घास तोंडाशी नेऊन थांबलीस आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "मला भूक लागलीय, सुमे. लई वर्षांची लागलीय. बस की संगं."

तुला भूक लागते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी रडले. तूही रडलीस, पण घास खाल्लास. मग मीही एक खाल्ला. बरी व्हायला पुढं पुष्कळ महिने गेले, सोलापूरच्या फेऱ्या झाल्या, पण सुरुवात तिथंच झाली.

एवढंच विचारायचंय, माय. दुष्काळातल्या त्या संध्याकाळी तू खरंच काय खायचीस? खायचीस का काही? तू असतीस तर आताही बोलणं उडवून लावलं असतंस, मला ठाऊक आहे.

तुझी नात शाळेतून यायची वेळ झालीय. आज तव्यावरची पहिली भाकरी मी घेईन, तिच्यासमोर बसून खाईन. तिनं विचारलं तर सांगीन, अजून झालं नाही माझं, भूक लागलीय, बस संगं. तुला शब्द देते.

तुझीच,
सुमी