पायाळूची कंबर

२ फेब्रुवारी, रविवार
आज आठ जण. सगळ्यांच्या कमरेत उसण. प्रत्येकाला पालथं झोपवून कमरेवर तीनदा पाय लावला, उतरली. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याच्या पायात हा गुण असतो. बडनेऱ्यात आमच्या अख्ख्या लाइनीत पायाळू मी एकटा. वीस वर्षं झाली. ऑफिसात आठवडाभर कोणी हाक मारत नाही, साहेब अजून मला सूर्यभानऐवजी सूर्यकांत म्हणतात. रविवारी सकाळी मात्र फाटकाबाहेर चपलांची रांग.
परवा तुरीचं पोतं उचलताना माझ्या कमरेत जरासं काही झालं. उसण नव्हे. पायाळूला उसण भरत नाही. वायू असावा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
वायू डाव्या पायात उतरला. ओवा खाल्ला. जमुना म्हणाली, डॉक्टरले दाखवा. बायकोला कोण समजावणार? लोक मला दाखवायला येतात.

५ फेब्रुवारी, बुधवार
रश्मी, माझ्या थोरल्या भावाची, डोमादादाची मुलगी, आमच्याकडे राहून अमरावतीला फिजिओथेरपी शिकते. तिचा प्रोजेक्ट आहे. कंबरदुखीचे लोक फॉर्मवर स्वतःबद्दल काय लिहितात आणि प्रत्यक्षात किती हालचाल करू शकतात, ते ताडून पाहायचं. निरोगी गटात एक माणूस कमी पडून राहिला म्हणाली. लगेच स्वतःचं नाव दिलं. रुग्ण गटासाठी आमचे दर रविवारचे नत्थुजी दिले.
जेवणाआधी फॉर्म भरला. दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच. शून्य म्हणजे त्रास नाही.
जड वस्तू उचलता येते? येते. (पोतं शेवटी जमुनानं आत नेलं, पण ते तिला घाई होती म्हणून.)
मोजे स्वतः घालता? हो. (सध्या जमुना घालते. प्रश्नात ‘सध्या’ लिहिलेलं नाही.)
तासभर बसता येतं? ऑफिसात दुसरं काय करतो?
झोप? उत्तम. (खुर्चीत.)
एकूण शून्य. रश्मीनं कागद दोनदा पाहिला. दिपली असावी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या टेस्ट. संकल्प: आज पहाटे पाच किलोमीटर. पाचला उठलो. म्हणजे उठायला सुरुवात केली. पावणेसहाला पाय जमिनीला लागले. तोवर चालायचा मूड गेला.

८ फेब्रुवारी, शनिवार
कॉलेजात टेस्ट. रश्मीच्या हातात स्टॉपवॉच.
खुर्चीतून पाच वेळा उठणे-बसणे: तीन झाले. खुर्ची बुटकी होती.
जमिनीवरचा पेन उचलणे: उचलला नाही. माझा नव्हता.
पन्नास फूट भरभर चालणे: अर्ध्या वाटेत झाडूवाली बाई झाडत झाडत माझ्या पुढे गेली.
नत्थुजींनी मात्र सगळं सपासप केलं. फॉर्मवर पन्नासपैकी अडतीस लिहिणारा माणूस! रश्मी म्हणाली, काका, तुमचे दोघांचे फॉर्म अदलाबदल तर नाही झाले? तिला सांगितलं, नत्थुजी माझ्या हातचे, म्हणजे पायचे, बरे झालेले आहेत. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. माझं कौतुकच असणार.

९ फेब्रुवारी, रविवार
नऊ जण. सहा झाले. सातवे नत्थुजी, सतरंजीवर पालथे. त्यांच्या कमरेवर पाय ठेवला आणि माझीच कंबर अडकली. पाय ना वर, ना खाली. अकरा मिनिटं. नत्थुजी खालून म्हणाले, वा भाऊ, आज लय निवांत करून राहिले तुमी. शेवटी जमुना आणि रश्मीनं मला कपाटासारखं उचलून भिंतीला लावलं. उरलेले दोघे म्हणाले, आमालेबी तसंच लांबवालं पाहिजे.

१० फेब्रुवारी, सोमवार
रजा. मान्य, उसण आहे. पण उपाय सोपा: पायाळूचा पाय. स्वतःचा पाय स्वतःच्या कमरेला लावून पाहिला. चहा सांडला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
अकोल्याला गेलो, ट्रेनमध्ये पूर्ण वेळ उभा. आई, पार्बताबाई, डोमादादाकडे असते. तिला दुसरा एखादा पायाळू माहीत असेल म्हणून. आई तूर निवडत होती. म्हणाली, दूर कायले जातं, डोमा हाय ना घरात. म्हटलं, आई, पायाळू मी. तर म्हणते, तू कायचा पायाळू! पायाळू डोमा होय. तू तं डोक्याकडूनच आला, तेबी बोंबलत. डोमा लाजे, लोकं आले का न्हानीत लपे. मंग मी तुलेच पुढं करो. त्याईले पाय पाहिजे होता, कोनाचाबी.
दादानं पाय लावला. तीनदा. काही उतरलं नाही. दादा सॉरी म्हणाला.
मग वीस वर्षं लोकांची उसण कशी उतरली? स्टेशनवरून रश्मीला फोन केला. ती म्हणाली, काका, उसण बहुतेकदा आपोआपच उतरते. आणि लोक बरं वाटलं म्हणाले, पण तुम्ही कधी पेन उचलायला लावला का त्यांना?
नेटवर्क गेलं असं सांगितलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
खरं सांगायचं ठरवलं. भाषण तयार होतं, तीन मुद्दे. वाटलं, लोक म्हणतील, असू द्या हो, आमाले तुमचाच पाय पाहिजे. पहिल्या मुद्द्यावरच सहा जणांनी दादाचा नंबर लिहून घेतला. एकानं अकोल्याच्या गाडीची वेळ विचारली, मलाच. सांगितली.
फाटक रिकामं. नत्थुजी तेवढे सतरंजीवर बसून. म्हटलं, तुम्हीही जा. ते म्हणाले, मले कायची उसण भाऊ, ते तं मागच्या दिवाळीतच गेली. मग फॉर्मवर अडतीस काहून लिहिले? तर म्हणाले, बरं हाय म्हटलं तं रविवारी इथं येऊ कसा? घरी सून मटार सोलायले बसवते.
रश्मी दारात उभी होती. आत जाऊन तिनं दोन कोरे फॉर्म आणले. आम्ही शेजारी बसून भरले, एकमेकांचं न पाहता. नत्थुजींचे दोन आले. माझे एकतीस. तिनं आमचे गट बदलले. निरोगी ते. रुग्ण मी.
मला रोज दहा व्यायाम दिलेत. रविवारी मोजायला माणूस हवा. नत्थुजी म्हणाले, मी येतो, सातले. म्हटलं, आता घाई कसली, आठला या.
म्हणाले, नाही भाऊ, सून मटार सातलेच काढते.