घोट्याजवळ राहिलेली सुई

माय, मी या वयात अंगात सुया टोचून घेतो हे तुला कळलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. "सुई कापडाला आसती लेका, माणसाला न्हाई." तू गेलीस तेव्हा माझे गुडघे धड होते. वाळूजच्या कारखान्यात मी प्रेस मशीनवर उभा असायचो, पाळी सुटली की सायकल मारत घरी यायचो आणि तू दारात वाकळ पसरून तिला टाके घालत बसलेली असायचीस. आता मी तुझ्याहून वयानं मोठा झालोय. म्हाताऱ्यानं आपल्याहून लहान बाईला माय म्हणायचं, हे लिहिताना कसंतरीच वाटतं. पण दुसऱ्या कुणाला लिहू? तुझी सून गेली. तुझा नातू, माझा मुलगा, पुण्यात असतो. रविवारी त्याचा फोन येतो, तो जेवलात का विचारतो, मी जेवलो म्हणतो, आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ नुसतेच फोन धरून बसतो. तुला वाचता येत नव्हतं. भाजी बांधून आलेला पेपरचा तुकडा तू मला वाचायला लावायचीस आणि मी सातवीपर्यंत शिकलो याचं कौतुक भाजीवालीलाही सांगायचीस. म्हणून हे पत्र मी लिहिताना हळू आवाजात वाचत चाललोय. भिंतीपलीकडच्या लोकांना ऐकू जाऊ नये एवढीच काळजी.

तर गुडघा. फोटो काढला, त्यात झीज निघाली. डॉक्टर म्हणाले बदलून टाका. नातू म्हणाला, "बाबा, बदलूनच घेऊ, मी रजा काढतो." मी हो म्हणालो. गुडघा कापला आणि मी उठलोच नाही तर? उठलो, पण पुण्याला अकराव्या मजल्यावर नेऊन बसवलं तर? रजा किती दिवसांची असते? तुला माहीत आहे, मी लहानपणापासून असाच. घरातून निघताना कुलूप ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि पुन्हा येऊन ओढायचं. माझ्या पाळीतला एक जुना गडी औषधांच्या दुकानात भेटला. तो म्हणाला, शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एक बाई आहेत, चिनी पद्धतीनं सुया लावतात, त्याची पाठदुखी उतरली. म्हणून गेलो. पहिल्या खेपेला जिन्यापर्यंत जाऊन परत फिरलो. बसवर आता संभाजीनगर लिहिलेलं असतं, तुझं औरंगाबाद राहिलं नाही, पण शहागंजातली गर्दी तुझ्या वेळचीच आहे. त्या गर्दीत उभं राहून मी स्वतःलाच म्हणालो, आता आलाच आहेस तर वर जा.

वर दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा. भिंतीवर एका उघड्या माणसाचं चित्र, अंगभर रेघा आणि रेघांवर ठिपके. डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. मला वाटलं होतं लगेच गुडघा बघतील, पण त्यांनी आधी जीभ काढायला सांगितली. जीभ बघून झाल्यावर माझा हात उशीवर ठेवला आणि मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघत बसल्या. मग दुसरा हात. माझा एक हात इतका वेळ कुणी धरून ठेवल्याला किती काळ झाला असेल, ते मी आठवायला लागलो आणि आठवेना. मी विचारलं, "बाई, तुम्ही चीनला शिकलात का?" त्या म्हणाल्या, "चीन कुठला काका, नाशिकला शिकले." मग त्यांनी त्या रेघा समजावून सांगितल्या. चिनी लोक असं मानतात की अंगात वाटा असतात, त्यांतून जीव वाहतो, आणि वाट तुंबली की दुखतं. पाटात काडीकचरा अडकला की पाणी तुंबतं, तसं मी समजून घेतलं. "पण एक ऐका," त्या म्हणाल्या, "झीज भरून येत नाही. दुखणं उतरतं, कुणाचं उतरतं, कुणाचं नाही. आणि बीपीची गोळी सोडायची नाही. सुया लावल्या म्हणून कुणी गोळ्या बंद केल्या की मला राग येतो." हे ऐकून मला जरा धीर आला. सगळं बरं करतो म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

सुई केसासारखी बारीक असते माय. तुझ्या वाकळीच्या सुईपुढं ती म्हणजे काहीच नाही. तरी मी दर वेळी पाकिटावरची तारीख वाचतो, पाकीट माझ्यासमोर फोडायला लावतो, आणि सुया आत असताना लाइट गेली तर काय, हे विचारतो. पडद्यापलीकडं एक मुसलमान बाई असतात, सगळे त्यांना खाला म्हणतात, खांद्याला सुया लावून पडलेल्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "डरो नको चाचा, चिंटी काटे जैसा है बस. मेरे मियाँ तो तुमसे बी जास्ती डरते थे." टोचल्यावर दुखत नाही, आत कुठंतरी जड होतं, जसं कुणी बोट दाबून धरलंय. बाई कधी कधी वाळक्या पाल्याची कांडी पेटवून गुडघ्याजवळ धरतात. त्या धुराचा वास तुझ्या ओव्याच्या धुरीच्या जवळपास जातो. खालांच्या पाठीवर चिकटवायच्या काचेच्या वाट्या बाईंनी दाखवल्या, तेव्हा मी म्हणालो, ही तर तुंबडी. पाचोडच्या बाजारात एक म्हातारी शिंगाची तुंबडी लावायला बसायची आणि तू मला तिथून ओढत न्यायचीस, कारण मी बघत उभा राहायचो. बाई हसल्या, म्हणाल्या, "बघा काका, तुम्हाला तर आधीपासूनच येतंय."

सुया लावल्या की अर्धा तास पडून राहायचं असतं. हलायचं नाही. तेव्हा मला पाचोडचा ओटा दिसतो. मी अनवाणी हिंडून आलोय, पायात बाभळीचा काटा. तू ओट्यावर बसतेस, माझा पाय मांडीवर घेतेस, लुगड्याच्या पदराला खोचलेली सुई काढतेस. "त्यो बघ, बोका कसा चाललाय," असं म्हणतेस, आणि मी बोक्याकडं बघतो तेवढ्यात सुई आत जाते. मग तू काटा तळहातावर घेऊन दाखवतेस. "हा बघ. येवढ्याशासाठी रडत व्हतास?" मी म्हणतो, "सलतंय अजून." तू म्हणतेस, "व्हय? मंग बस," आणि पाय पुन्हा उजेडाकडं करून अंगठ्यानं दाबत बसतेस. घरात तुझी इतकी कामं पडलेली असायची, वाकळ अर्धी, चूल थंड, पण तू बसायचीस. त्या खाटेवर पडलो की मला वरचं छत दिसत नाही, तुझी हनुवटी दिसते, खालून बघितल्यावर दिसायची तशी.

गुडघ्याचं दुखणं उतरलं. आधी पायऱ्या एकेक करून चढायचो, मग नीट चढायला लागलो. कठडा धरणं सुटलं. नातवाला सांगितलं, तो म्हणाला, चला, ऑपरेशन तरी पुढं ढकलू. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी बाईंना सांगताना अडखळायला लागलो. त्यांनी कसं आहे विचारलं की मी म्हणायचो, "थोडं आहे." गेल्या आठवड्यात त्या सुया काढता काढता म्हणाल्या, "काका, आता झालं. ही शेवटची वेळ. उगीच बसचे हेलपाटे कशाला? घरी व्यायाम करा, दुखलं तर या." मी बरं म्हणालो. त्यांचा फोन वाजला, बोलता बोलता त्यांनी राहिलेल्या सुया काढल्या, ताटलीत टाकल्या आणि विचारलं, "राहिली नाही ना एखादी?" घोट्याच्या मागं एक राहिली होती. मला चांगली कळत होती. मी नाही म्हणालो.

कसं म्हणालो ते मला विचारू नकोस. पायजमा खाली सोडला, चप्पल घातली आणि जिन्याच्या वळणावर बसून ती सुई हळूच काढली. रिकाम्या काडीपेटीत ठेवली. बसमध्ये ती काडीपेटी मी शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवून सांभाळली. परत जायला निमित्त झालं, एवढंच डोक्यात. त्यातून दुसऱ्याला काय त्रास होईल, हे घरी जाऊन चहा टाकल्यावर सुचलं.

दोन दिवसांनी गेलो. काडीपेटी उघडून दाखवली तर बाईंचा चेहराच उतरला. "पायात राहिली होती? चालताना वाकली असती तर? तुम्ही बसमधून गेलात? अहो काका!" त्यांनी मला खाटेवर बसवलं, घोटा धुतला, औषध लावलं, दाबून दाबून विचारलं. "माझी चूक. फोन घ्यायलाच नको होता." मी मान खाली घालून बसलो. मग त्यांनी हात पुढं केला, "द्या ती इकडे," आणि मी घाईघाईनं सुई त्यांच्या हातात दिली. ठेवली नाही माय, दिली. सरळ हातातून हातात.

दिली आणि त्याच क्षणी तुझा फटका आठवला. शेजारच्या वैनी सुई मागायला आल्या होत्या, तुझ्या तोंडात दोरा होता, मी आपला शहाण्यासारखा सुई उचलून त्यांच्या हातात दिली. तू माझ्या पंज्यावर मारलंस. "खाली ठिव. सुई, मीठ, मिरची हातात देऊ न्हाई. माणसं तुटत्यात." मग वैनींकडून सुई परत घेतलीस, भुईवर ठेवलीस आणि म्हणालीस, "आता उचला." वैनी हसल्या, "आगं बया, आपलं काय तुटायचंय?" तू म्हणालीस, "तुटू न्हाई, म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी घोटा दाखवायला म्हणून गेलो तर दाराला कुलूप. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कुलूप. खाली औषधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, माहीत नाही. मी घड्याळाखाली उभा राहिलो. कायमचंच बंद केलं असेल का? माझ्या सुईमुळं घाबरून? कुणी तक्रार केली असेल का? लोक धक्के मारत जात होते. शहाणा माणूस असं काही मानत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्याकडं तुटायला फार काही उरलेलं नाही, म्हणून मी मानतो.

आज उघडं होतं. बाई म्हणाल्या, "लग्नाला गेले होते काका, पाचोडला. नणंदेचा मुलगा." मी खुर्चीवर बसून घेतलं. मग विचारलं, "मी त्या दिवशी दिलेली सुई परत मिळेल का?" त्या म्हणाल्या, "ती डब्यात गेली, ती परत काढत नाहीत. कशाला हवी?" मी तुझं सगळं सांगितलं, फटका आणि वैनी आणि भुईवर ठेवलेली सुई. सांगता सांगता वाटलं, आता या हसणार. पडद्यामागून खाला बोलल्या, "सही बोल रहे चाचा. हमारी दादी बी कैंची हाथ में नको देव बोलती थी." बाई उठल्या. कपाटातून एक नवं पाकीट काढलं, न फोडता टेबलावर ठेवलं. "घ्या. आता तुम्ही ठेवा." मी ते उचललं आणि पुन्हा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं. त्यांनी ते उचलून घेतलं. "झालं?" मी म्हणालो, झालं.

"आता गुडघ्याचं सांगा. जिन्यावर तुमच्या चपलांचा आवाज आला मला. मध्ये थांबला नाहीत."

मला तेव्हाच सांगायचं होतं की त्या दिवशी चूक तुमची नव्हती. घरून ठरवून गेलो होतो, बसमध्ये तीच वाक्यं जुळवत होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "सलतंय अजून."

त्यांनी माझा हात उशीवर घेतला आणि तीन बोटं ठेवली. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली असं मला वाटलं, पण मला काय काय वाटत असतं. मग म्हणाल्या, "बरं. पडा." सुया काढून झाल्यावर त्यांनी माझ्या मांडीपासून टाचेपर्यंत हात फिरवून बघितला आणि पुन्हा एकदा फिरवला. पडद्याआड जाऊन खालांच्या खांद्यावरही तसाच दोनदा फिरवला, पडद्यावर सावली दिसली. हे माझ्यामुळं. आता त्या जन्मभर प्रत्येकाला असं दोनदा चाचपणार, आणि मी सांगितलं नाही. "मंगळवारी या," म्हणाल्या.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून तुझ्या वाकळीखाली ठेवणार आहे. तिचे टाके अजून उसवलेले नाहीत. गुडघा सलत नाही माय. आणि तेव्हाही सलत नव्हतं, बाभळीचा काटा पहिल्याच खेपेला निघायचा. तुला ते कळत होतं का, हे विचारायचं राहून गेलं. पण आज खाटेवर पडल्या पडल्या एक आठवलं. मी सलतंय म्हणायचो तेव्हा तुझी सुई परत पदराला खोचलेली असायची, आणि तरी तू पाय खाली ठेवायची नाहीस.