नवीन कार्ड शोभाताईला

रायपूर, गुरुवार, संध्याकाळी साडेसात

शोभाताई रविवारी लेकाकडे नागपूरला चालली, कायमची. पंडरीतल्या आम्हा दोघींच्या लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानात दोन कॉम्प्युटर, दोन्हींत एकेक ग्राफिक्स कार्ड. एक तिनं न्यायचं, एक मी ठेवायचं. "कोणतं चांगलं ते तूच पाहून सांग," म्हणाली होती. म्हणून आज हळदीची एकच क्लिप दोन्हींवर मिक्स करून पाहिली. जुन्या कार्डाला सव्वीस मिनिटं लागली, नव्याला अकरा. जुनं तापतेही फार, मधेच चित्र अडकते. म्हणजे शंकाच नाही.

ती सव्वीस मिनिटं मात्र एकटीनं बसवत नव्हतं. एरवी तेवढ्यात आमचं सगळं बोलून व्हायचं, तिच्या सुनेपासून माझ्या न झालेल्या लग्नापर्यंत.

मग फोन केला. "नवीनच चांगलं आहे ताई. तेच तुम्ही न्या."

"आन् तुले?"

"माझं भागते जुन्यावर."

"हव, ठीक आहे मग."

लगेच म्हणाली. काहून लगेच? मले वाटलं होतं, थोडी तरी भांडेल, पागल झाली का म्हणेल. मी कार्ड देऊन राहिली होती की थांबा म्हणून राहिली होती, माझं मलेच समजलं नाही. आता ती सव्वीस मिनिटं रोजचीच.

फोन ठेवताना तिनं एवढंच विचारलं, नव्या कार्डाचा खोका सांभाळून ठेवला आहे का.

आहे, म्हटलं.